कपाटामागची फांदी

सूनबाई,

एकोणीसशे एक्याऐंशी साली माझं पहिलं बाळ दोन दिवसांचं होऊन गेलं, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. मी रडले नाही. आपलं बाळ गेल्यापासून तू बसतेस ना, तशीच त्याच खिडकीशी बसून असायची. मोठ्या जाऊबाईंनी यांच्या कामातून उरलेले रंगाचे डबे माझ्यापुढे आणून आदळले. म्हणाल्या, "रडायचं नाही ना? मग समोरचं झाड तरी रंगव. अशीच बसलीस तर बुरशी धरेल तुला." महिनाभर मी भिंतीवर ते झाड काढत होते. वाटत काहीच नव्हतं, हात तेवढा चालत होता.

हे पडले रंगारी. एका दुपारी हौसेने त्यावर पांढरा हात मारला आणि म्हणाले, "भिंत किती खराब झाली होती गं!" तेव्हा मी ओरडले, आणि संध्याकाळपर्यंत रडले. बिचारे पॉलिश पेपर घेऊन घासत बसले. एकच फांदी वर आली.

तुझ्या खोलीतलं कपाट आज सरकवून घेतलंय. ती फांदी त्यामागेच होती. बाकी भिंत रिकामी आहे, डबे खाली ठेवलेत. जेवण झाकलंय, जाईल तेवढं खा.

जाऊबाई गेल्या, हेही गेले. तुझा नवरा त्या बाळानंतर सात वर्षांनी झाला, आणि बापासारखाच रंगारी निघाला. या भिंतीला हात लावायचा नाही, अशी त्याला तंबी दिली आहे. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन पाचपर्यंत येते.

आई