लॅमिनेट केलेली खबरदारी

४ जानेवारी २०२६, रविवार. सकाळी ६.१०

फ्रिज उघडून आतलं थर्मामीटर वाचत होतो. पाच अंश. उत्तम. इंजेक्शनचं पेन दोन ते आठ अंशांतच ठेवावं लागतं. आई मागून म्हणाली, "बंद कर रे ते दार, तुझ्या बघण्यानेच आठ होईल." दुर्लक्ष केलं.

आजपासून रोजनिशी. कारण ८ फेब्रुवारीला वर्तकनगरला ताईकडे सान्वीचं उष्टावण आहे. मामाने पाटावर मांडी घालून बसायचं, भाचीला मांडीवर घ्यायचं आणि खिरीचा पहिला घास भरवायचा. सान्वीला सख्खा मामा एकच, मी. गेल्या वर्षी या सुमारास मला मोजेसुद्धा आई घालून देत होती. आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. (न बघता लिहिलं. बारावीला इंग्रजीत राहिलो, पण ते निबंधामुळे.) यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच मणक्यांच्या मागे लागते. ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन. ते प्रतिकारशक्ती खाली आणतं. पाठ सुटली, पण आता कुठलाही जंतू टिचकी न मारता आत येऊ शकतो.

त्यासाठी ठाण्याच्या माझ्या डॉक्टर उत्तरा मॅडमनी सहा नियमांचा कागद दिला होता. त्यात अकरा चुका. मी डोंबिवलीला ज्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका टाइप करतो तिथेच तो नव्याने जुळवला, बॉर्डर टाकली, लॅमिनेट केला. आता फ्रिजवर चिकटवलाय. ठाणे जिल्ह्यात माझ्याइतका काळजी घेणारा पेशंट नसेल.

मांडीचा सराव: ४ मिनिटं. उठताना आईने हात दिला.

६ जानेवारी, मंगळवार

तळमजल्यावरचे दगडूकाका भेटले. एसटीच्या खोपट डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते, माणसाकडेही बॉनेट उघडल्यासारखं बघतात. म्हणाले, "ते इंजेक्शन तुझी ताकद कमी करतं म्हणतोस. मग इंजिनातलं ऑइल कमी झालं तर आपण काय करतो? वरून टाकतो ना?"

तीन महिन्यांत कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

बिल्डिंगमागच्या कडुनिंबावर त्यांची गुळवेल चढली आहे. हातभर कांडी तोडून दिली. "रोज एक कप उकळून घे. पैसे नकोत. मामा म्हणून ताठ बस म्हणजे झालं."

नियम क्रमांक ४: डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध, काढा किंवा चूर्ण घेऊ नये. यावर विचार केला. मूळ कागदावर 'कढा' होतं, काना मीच दिला, त्यामुळे शब्दाची मला पूर्ण जाणीव आहे. पण तो काढा म्हणजे दुकानातला, बाटलीतला. हा आईच्या पातेल्यात होतो. हा स्वयंपाक आहे.

चव भयंकर. म्हणजे गुण असणार.

१० जानेवारी, शनिवार

इंजेक्शन. घरी टोचता येतं, पण मी ठाण्याला जाऊन कलावती सिस्टरकडूनच घेतो. पेन बर्फाच्या पाकिटावर टॉवेलात गुंडाळून डब्यात, डबा मांडीवर, मला मास्क. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "किडनी आहे का हो?"

सिस्टरने नेहमीचे प्रश्न विचारले. ताप? नाही. खोकला? नाही. दुसरं काही औषध? नाही. (स्वयंपाकाबद्दल विचारलं नाही.) फ्लूची लस घेतली? म्हटलं, विचार चालू आहे. "ऑक्टोबरपासून विचारच करतोयस," म्हणाल्या. "एवढा विचार लग्नाचा केला असतास तर पोरं शाळेत गेली असती."

नियम २ मध्ये लिहिलंय की जिवंत जंतूंची लस घ्यायची नाही. पुढे असंही लिहिलंय की फ्लूची टोचायची लस जिवंत नसते, ती घ्यावी. पण ती जिवंत नाही हे बाहेरून कळणार कसं? न घेणं जास्त सुरक्षित. शिवाय १,८०० रुपये वाचले.

१५ जानेवारी, गुरुवार

मांडी: ११ मिनिटं. फ्रिज: सकाळी ५, रात्री ५. पेनशेजारी काढ्याची बाटली ठेवतो. एक खाली आणणार, एक वर. दोघं गुण्यागोविंदाने एका कप्प्यात आहेत.

सान्वीसाठी चांदीचा चमचा घेतला. ४,२०० रुपये. सोनार म्हणाला, भाव आणखी वाढणार. मी गुंतवणूक म्हणून बघतो.

१८ जानेवारी, रविवार

ताईकडे गेलेलो. दाराजवळच्या स्टुलावर बसलो. कारण ऑक्टोबरात सान्वीला तोंडाने द्यायची लस दिली होती. ती जिवंत असते. तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या की काही दिवस लंगोट बदलू नकोस, हात धुवत जा, बाकी घे खुशाल. मी त्यात थोडी वाढ केली. सहा फूट, आणि मुदत बेमुदत.

रसिकाताईचा आज भडका उडाला. "साडेतीन महिने झाले, माझ्या पोरीला हात लावला नाहीस. बाळ आहे का बॉम्ब आहे रे ते?"

म्हटलं, अगं खबरदारी.

"खबरदारी हात धुवायची सांगितली होती. तू तर हात धुऊनच मागे लागलायस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "उष्टावणाला तरी घेशील ना? का चमचा काठीला बांधून भरवणारेस?"

सलिलभावजी आतून म्हणाले, "काठी आहे आपल्याकडे, पडद्याची." त्यांच्याकडून इंजेक्शनासाठी बारा हजार घेतलेत, त्यामुळे हसलो.

सान्वी ताईच्या कडेवरून माझ्याकडे दोन्ही हात पसरून झुकली. एकदा, दोनदा. मी सॅनिटायझर काढेपर्यंत तिने हात आवरून घेतले होते.

ठराव: ८ तारखेला घेणार. त्याआधी एक शिंकसुद्धा चालणार नाही. काढा दोन कप.

२४ जानेवारी, शनिवार

इंजेक्शन. मांडी: १९ मिनिटं! हिशोब सोपा आहे. पुढचा डोस ७ तारखेला, उष्टावण ८ ला. म्हणजे पाठीला ताजं इंजेक्शन असतानाच पाटावर. असं नियोजन मोठ्या कंपन्यांतही होत नसेल.

थोडी मळमळ आहे. जेवण नको वाटतं. दगडूकाका म्हणाले, "साफसफाई चालू आहे आत. ऑइल बदललं की पहिला धूर येतोच." काढा तीन कप.

२९ जानेवारी, गुरुवार. दुपारी ३.००

घसा खवखवतोय. प्रेसमध्ये एसी आहे, त्यामुळे. घरी येऊन ताप बघितला: ९९.६. थर्मामीटर आजीच्या वेळचं आहे, त्यावर किती विश्वास ठेवायचा?

३० जानेवारी, शुक्रवार

१००.८. शेजारून नवीन थर्मामीटर आणलं. १०१.२. जुनंच बरं होतं.

नियम क्रमांक १: ताप आल्यास त्याच दिवशी फोन करावा, पुढचा डोस विचारल्याशिवाय घेऊ नये. हा नियम मी ठळक अक्षरात टाकला होता. पण फोन केला तर मॅडम ७ तारखेचा डोस थांबवणार. डोस थांबला की पाठ आखडणार. पाठ आखडली की पाट गेला. फोन करणं हे माझ्या हिताचं नाही, आणि हे नियम माझ्या हितासाठीच केलेले आहेत.

शिवाय हा ताप नाही, कणकण आहे. कणकण कागदावर कुठेच नाही.

मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेतल्या. त्याने विचारलं, आणखी काही चालू आहे का? म्हटलं, नाही. आता सवय झालीय.

१ फेब्रुवारी, रविवार

फ्रिजचं तापमान घ्यायला उठलो आणि फ्रिजलाच धरून खाली बसलो. आईने मला उठवलं आणि माझ्यासमोर फ्रिजवरच्या कागदावरचा नंबर वाचून मॅडमना फोन लावला. नंबर मी मोठ्या टायपात टाकला होता. स्वतःच्या हाताने.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काल दिवसभर ठाण्याला. आई सोबत. घशात काडी घालून तपासणी: फ्लू. रक्त तपासणी: लिव्हरचा आकडा चाळीसच्या आत हवा, माझा २१२.

उत्तरा मॅडम ओरडत नाहीत. त्याने जास्त भीती वाटते. चष्मा काढून म्हणाल्या, "काय काय घेतोस ते आठवून सांग." म्हटलं, तुमचं इंजेक्शन, बाकी काही नाही. तेवढ्यात आईने पिशवीतून काढ्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे रोज तीनदा घेतो, डॉक्टर. मला वाटलं तुम्हीच दिलंय."

मॅडमनी बाटली उजेडात धरली. "गुळवेल?"

म्हटलं, प्रतिकारशक्तीसाठी.

"प्रीतम, तुझी प्रतिकारशक्ती खाली आणायला आपण महिन्याला सतरा हजार घालवतोय. आणि तू खालून तिला शिडी लावतोयस?"

दगडूकाकांचं इंजिन सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकांना सांग, इथे ऑइल कमी झालेलं नाही, ॲक्सिलरेटर अडकलाय. आपण ब्रेक लावलाय." मग शांतपणे सांगितलं की गुळवेलीने काहींचं लिव्हर सुजतं, त्यांनी पाहिलंय. वर तापाच्या गोळ्या किती घेतल्यास, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, मोजल्या नाहीत. हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असेल.

मग फ्लूच्या लशीचं विचारलं. कलावती सिस्टर मागून म्हणाल्या, "विचार चालू होता."

निर्णय: काढा बंद. ७ तारखेचं इंजेक्शन नाही. ताप जाऊन लिव्हर खाली आल्यावर बघू. मी शेवटी खरं ते बोललो. उष्टावण आहे, पाठ आखडेल म्हणून फोन केला नाही. मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "अरे, एक डोस आठवडाभर पुढे गेला असता तर तुझ्या पाठीला बहुतेक पत्ताही लागला नसता. गुरुवारीच फोन केला असतास तर फ्लूचं औषधही वेळेवर सुरू झालं असतं. रविवारी कदाचित बसलाही असतास. आता बाळाच्या जवळ जायचं नाही. तुझ्यासारख्याच्या अंगात हा जंतू जास्त दिवस रेंगाळतो."

म्हणजे सहा फूट. यावेळी माझ्यापासून तिला.

निघताना आईने लॅमिनेट केलेला कागद दाखवला. (तो का आणला होता, देव जाणे.) मॅडम खूश झाल्या. "किती सुंदर. कोणी केला?" म्हटलं, मी. "सगळ्या चुका काढल्यास की! सिस्टर, आपण सगळ्या पेशंटना हाच देऊ." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाचायला पण छान आहे. एकदा वाच."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ताप नाही. दगडूकाका दारात उभे राहून गेले. "मला काय माहीत रे, ब्रेक आहे म्हणून," म्हणाले. रडवेले झाले होते. त्यांना आत या म्हटलं नाही, त्यांना फ्लू व्हायचा.

ताईला फोन केला. सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलेलं. आधी ताप गेला का ते विचारलं. मग म्हणाली, "पुढे ढकलू का?" सासरची माणसं देशावरून येऊन बसलीत. म्हटलं, नको. आमचा चुलतभाऊ गणू आहे ना, मामाच तो. गणू हात धुतो का, एवढं बघ.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.३०

आई चमचा घेऊन सकाळीच वर्तकनगरला गेली. मी घरीच. सव्वाअकराला ताईने व्हिडिओ कॉल लावला. फोन तांदळाच्या डब्याला टेकवला, खाली पाट मांडला आणि मांडी घालून बसलो. का, ते सांगता येणार नाही.

गणूच्या मांडीवर सान्वी. त्याने हात धुतले. ताईने ओरडून दोनदा धुवायला लावले. ताई फोनजवळ येऊन म्हणाली, "बघ रे, तुझ्याच चमच्याने." गणूने खीर लावली. तिने तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितली. सगळे हसले. सलिलभावजींनी फोन तिच्यासमोर धरला. म्हणाले, "हा बघ खरा मामा." तिने स्क्रीनकडे दोन्ही हात पसरले.

माझ्याकडे सॅनिटायझर नव्हतं. काढायला गेलोही नाही. मीही हात पुढे केले. फोन पालथा पडला.

मांडी: ४७ मिनिटं. इंजेक्शनाशिवाय. पाठ दुखली नाही.

खर्च, नवीन वर्ष लागल्यापासून:
इंजेक्शनं दोन: १७,०००
फ्रिजचं थर्मामीटर: ३५०
लॅमिनेशन: २०
गुळवेल: फुकट
गुळवेलीनंतरच्या रक्त तपासण्या: १,४००
फ्लूची लस: वाचवले १,८००
फ्लूची तपासणी आणि औषधं: ३,२५०
मॅडमची फी: १,०००
चमचा: ४,२००
एकूण: २७,२२०

देणं:
सलिलभावजी: १२,०००
सान्वी: एक घास