मावीच्या आजीसाठी गाणं

गुरुवार, संध्याकाळ. इंदिरा नगर.

आज मावीपाशी बसायला हवं होतं मी. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची पोर. काल तिकडे मिझोराममध्ये तिची आजी गेली. ही पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, म्हणून वडिलांनीच येऊ नकोस म्हणून सांगितलं. सकाळी कॉलेजातल्या आमच्या बहुसांस्कृतिक केंद्रात आली आणि म्हणाली, "मॅम, हमारे यहाँ कोई जाता है तो पूरा मोहल्ला घर आकर साथ गाता है. हॉस्टल में मैं अकेली क्या गाऊँ?"

मी लगेच हॉल उघडून दिला, बाकीच्या मुलांना निरोप पाठवले. "दुपारी मीही येते," असं कबूलही केलं.

आणि नेमकी तेव्हाच वरून बैठक निघाली. विषय काय, तर केंद्राचं नवं माहितीपत्रक. 'विद्यार्थ्यांच्या पाठीशी' हे शब्द कुठल्या रंगात छापायचे, यावर तासभर चर्चा! उठून यायला काय झालं होतं मला? कुणी अडवलं नव्हतं.

धावत पोचले. काश्मीरचा इम्तियाज, केरळची अ‍ॅनी, गोरखपूरच्या दोघी, सगळे गोल करून बसले होते. शब्द येत नव्हते, म्हणून तिच्याबरोबर नुसता सूर धरला म्हणे. डोळे सगळ्यांचेच लाल. मावीच्या शेजारची खुर्ची तेवढी रिकामी.

"आपके लिए रखी थी, मॅम," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

मी बसले. तिचा हात हातात घेतला. पण गाणं संपलं होतं.