अपेक्षाचं बारसं

पंकजाआक्का,

बारशाला बाया तुमच्या पाठीत धपाटे घालत होत्या अन् तुमी पाळण्यावर वाकून माझ्या लेकीच्या कानात नाव सांगितलं. शेजारच्या खडीक्रशरच्या आवाजामुळं तुमाला 'अपेक्षा' असं वरडावं लागलं. पोरगी दचकली न्हाई. "भाची लय धीराची हाय," तुमी म्हणाल्या.

इथं आमी समदेच वरडून बोलतो. कुणाला ऐकू येत न्हाई, ते कळणार कसं? माझ्या तर झोपेतबी कानात घरघर चालूच ऱ्हाती.

काल क्रशर बंद पडलं. पोरगी आता बसाया लागलीय; मी तिच्या मागं बसून हळूच नाव घेतलं. मग मोठ्यानं घेतलं. शेवटी परात आपटली.

पोरगी खुळखुळ्याकडंच बघत बसली, आक्का. तुमी ठेवलेलं नाव तिनं अजून ऐकलंच न्हाई. हे पत्र तुमाला कसं धाडू?

तुमची भावजय,
निकिता