आत्या, तुझी चूल धुमसतेय

प्रिय आत्याबाई,

आज अकरा डबे परत आले, म्हणून लिहितोय. भाजी संपलेली, भाकरी तशीच. एकानं तर झाकणावर चिठ्ठी चिकटवलीय, भाकरीला डिझेलचा वास येतो म्हणून. तू असतीस तर आधी त्याला शिव्या घातल्या असत्यास, मग मला. मी कधीचा तयार बसलोय. पण घालणार कोण आता?

तुला जाऊन सव्वा महिना झाला. उस्मानपुऱ्यातल्या या बोळात तुझी खाणावळ आठवडाभरापासून पुन्हा चालू आहे. पाटीवर 'चुलीवरची भाकरी' अजून तसंच आहे आणि पाटीखाली मी! दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला, सरांशी भांडून वर्गातून उठून आलेला तुझा भाचा. असं किती दिवस टिकणार हे गिऱ्हाईक, सांग बरं?

चूल पेटत नाही गं. म्हणजे पेटते आणि नुसती धुमसत बसते. आधी वाटलं राख साठली असेल. सगळी उपसली. मग वाटलं लाकडं दाटून घातलीत, वारा जात नसेल. दोनच ठेवली. फुंकणीनं फुंकून डोकं गरगरायला लागलं, तेव्हा टेबलफॅन आणून चुलीपुढं लावला. राख थेट पिठात! रुक्माबाई भाकरी थापता थापता हसत सुटली. मी फॅनला लाथ मारली. फॅन गेला. काल टेंपोवाल्याकडून डिझेल आणून ओतलं. हातभर जाळ झाला आणि डिझेल संपलं तसा बसला. लाकडांच्या टोकाला नुसता फेस. शेवटी म्हटलं, चुलीचं तोंडच चुकलंय, फोडून नवी घालू. आज सकाळी कुदळ घेऊन उभा राहिलो.

रुक्माबाईनं दोन लाकडं उचलली आणि एकमेकांवर आपटली. थप्प असा मेलेला आवाज आला.

"वाळलेलं असतं तर खणकलं असतं. ही लाकडं नाय रं आक्या, हे अजून झाडच हाय. चुलीला कशापायी मारतूस?"

मी तसाच वखारीवर भांडायला गेलो. वखारवाला चहा पीत होता, उठलासुद्धा नाही. म्हणाला, तुझी आत्या उन्हाळ्यात जळण न्यायची आणि ते पुढच्या साली लावायची. आज नेलेलं उद्या चुलीत घालणारा तूच पहिला. मी गुमान मागं फिरलो. कारण तुझं वाळलेलं जळण कुठं गेलं ते मला माहीत होतं.

तुला माहीत आहे का? त्या दिवशी पाऊस थांबत नव्हता. स्मशानातली लाकडं भिजलेली. दोनदा पेटवली, दोनदा विझली. मोठी माणसं म्हणत होती, थांबा जरा, धीर धरा. मला नाही धरवला. टेंपो आणला, घरी आलो आणि परसातली तुझी सगळी रास, पत्र्याखाली छातीएवढी रचलेली ती बाभळ अन् लिंब, दोन खेपांत नेऊन तुझ्यावर रचली. काय पेटली म्हणून सांगू! लोकांनी पाठीवर हात ठेवले. जन्मात पहिल्यांदा एखादी गोष्ट पुरी केली असं वाटलं मला. दुसऱ्या दिवशी परसात पत्रा आणि विटा तेवढ्या उरल्या.

चुकलो का गं? एवढं तरी कळव.

एक राग आहे तुझ्यावर. सहा महिने तुझ्या घरात राहिलो, मला कांदे चिरायला बसवलंस, पण लाकडाबद्दल चकार शब्द काढला नाहीस. एकदा विचारलं तर म्हणालीस, "तुला कुठं ऱ्हायाचंय हितं?" तेव्हा हसलो होतो. आता ते वाक्य दिवसभर डोक्यात फिरतंय.

कारण मयुरीचा मेसेज आलाय. कॉलेज जिच्या पायी सुटलं ना, तीच. ती पुण्याला गेली आणि वर्गात माझं मन लागेना, ते तुला सांगायची गरज नाही, तू सगळं बघत होतीस. तिनं भावाला सांगून माझ्यासाठी काम बघितलंय. सोमवारी ये, नाहीतर राहू दे, असं लिहिलंय. वर्षभर याच मेसेजची वाट बघत होतो मी! बॅग भरून झालीय. सकाळपासून दोनदा ती दारापर्यंत नेली, दोनदा परत आणली.

दुपारी रुक्माबाईला म्हटलं, मी मूर्खपणा केला, आत्याचं सालभराचं जळण एका दिवसात जाळलं. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "बाईनं जल्मभर धूर खाल्ला. जाताना तेवढा लागला नाय तिला. ते बरं केलंस."

मी कुदळ परत कोपऱ्यात ठेवली.

मग कामाला लागलो. आणलेलं ओलं जळण चुलीपासून सगळं काढलं. थोडं बारीक फोडून चुलीच्या कडेला शेकायला ठेवलंय. रुक्माबाई गावाकडून पऱ्हाट्या आणणार आहे. कापसाच्या त्या वाळल्या काड्या भसकन पेटतात, तोवर भागेल. भाकरी फक्त सकाळी, रात्री गॅसवर पोळ्या. ज्यांना चालणार नाही त्यांनी डबा बंद करावा, भांडणार नाही. बाकीचं जळण विटांवर रचलं, वारा खेळेल अशा फटी ठेवून, वर पत्रा. रास गुडघ्याएवढीच झालीय आणि एका बाजूला कललीय. तू बघितली असतीस तर पाडून पुन्हा रचायला लावली असतीस.

मयुरीला लिहिलं, सोमवारी येत नाही. तिनं वाचलंय. उत्तर नाही. फोन पिठाच्या डब्यावर पालथा घालून ठेवलाय.

आत्या, पुण्याला कधीच जाणार नाही असं मी म्हणत नाही. तेवढा शहाणा मी नाही झालो. पण शब्द देतो, हे जळण खणखणीत वाळेपर्यंत मी इथून हलत नाही.

तुझा,
आक्या