दोन्ही विभागांना पुरून उरलेला

८ जानेवारी
साहित्य आणि अर्थशास्त्र अशी जॉइंट डिग्री करणारे आमच्या वर्षाला दोघंच. मी आणि चष्मिस. चष्मिस मोजायची म्हणून मोजली. मार्चमध्ये तोंडी परीक्षा. तीत पडलो तर जॉइंट बंद, कुठल्या तरी एकाच विभागात रवानगी. पडायचा प्रश्नच नाही. बाबा मावशीसमोर म्हणाले होते, दोन दगडांवर पाय ठेवतोय, आपटणार. त्यांना दाखवायचंच आहे.
संकल्प: पहाटे कादंबऱ्या, संध्याकाळी आलेख.

९ जानेवारी
पहाट झाली तेव्हा झोपेत होतो. संध्याकाळी मूड नव्हता.

१७ जानेवारी
साहित्याचा वर्ग. सगळी रडकी जमात. बाईंनी कवितेतल्या विरहाबद्दल विचारलं. बाकीचे उसासे टाकत बसले. मी सांगितलं, इथे प्रेमाची मागणी अलवचिक आहे. बाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. भारावल्या बिचाऱ्या.

१८ जानेवारी, दुपार
अर्थशास्त्राचा वर्ग. सगळे कॅल्क्युलेटरला चिकटलेले, भावनेच्या नावाने शून्य. सरांनी भाववाढीचं कारण विचारलं. मी म्हटलं, किंमत ही एक शोकांत नायिका आहे. सरांनी डोकं धरलं. विचारात पडले असणार.

४ फेब्रुवारी
युक्ती सापडली! तिकडे इकडचं बोलायचं, इकडे तिकडचं. दोघांनाही कळत नाही, दोघंही दबतात. मग दोन्हीकडचं वाचायचं कशाला? चष्मिस मात्र दोन्हीकडचं वाचते. मठ्ठ माणसांना मेहनत करावीच लागते, कीव येते.

५ मार्च
अभ्यासाचं टाइमटेबल केलं. चार रंगांची पेनं वापरली. इतकं देखणं झालंय की आज आणखी काही करणं म्हणजे त्याचा अपमान.

१९ मार्च
उद्या परीक्षा. चष्मिस म्हणाली, उद्या बाई आणि सर एकाच टेबलाशी बसणार आहेत, तुझ्या युक्तीचं काय होणार. पोटात दुखतंय तिच्या. दोघं एकत्र म्हणजे दबदबा दुप्पट. मी तर निवांत आहे. जेवण गेलं नाही, पण ते हवेमुळे.

२० मार्च
झाली परीक्षा. बाईंनी नेमलेल्या कादंबरीतल्या सासऱ्याबद्दल विचारलं. मी नेहमीप्रमाणे लवचिकतेवर गेलो. तर सर मध्येच म्हणाले, अरे वा, लवचिकता म्हणजे काय? हे त्यांचं काम आहे का? मी म्हटलं, ते साहित्याच्या अंगाने समजून घ्यावं लागेल. बाई म्हणाल्या, मग घेऊ या की, सांग. मी पाणी प्यायलो. सरांनी फळ्यावर मागणीची रेषा काढायला लावली. मी काढली, झोकात वर जाणारी. किंमत वाढली की लोक जास्त घेतात का, असा फालतू प्रश्न आला. मी म्हटलं, ही रेषा नाही, आशा आहे. कुणाची आशा, बाईंनी विचारलं. सासऱ्याची, मी म्हटलं. सासरा पहिल्याच पानावर मेलाय म्हणे.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या दोन विभागांचं एकमत कधी झालं नव्हतं. ते मी घडवलं.

२२ मार्च
मोठी बातमी! ऑफिसातला क्लार्क सांगत होता की काल बाई आणि सर दार लावून माझ्यावरून कडकडून भांडले. आवाज जिन्यापर्यंत. म्हणजे माझी ओढाताण चाललीय! साहजिकच आहे. हिरा कोण सोडेल? आईला लगेच फोन केला. तिने मावशीला सांगितलं, मावशीने उरलेल्या सगळ्यांना. बाबा पेपर उघडून बसले म्हणे. जिरली.

२३ मार्च
निकाल. जॉइंटमध्ये फक्त चष्मिस. मला अर्थशास्त्रात टाकलंय.
क्लार्ककडे गेलो. म्हटलं, भांडण झालं होतं ना? तो म्हणाला, झालं तर. बाई म्हणत होत्या हा तुमचा, सर म्हणत होते हा तुमचाच. कुणी मागे हटेना. शेवटी छापा-काटा केला. सर हरले.
खोलीवर आलो. रडू आलं, खरंच आलं. दार लावून घेतलं.
संध्याकाळी आईचा फोन. आवाजावरून कळलं, मावशी आणि बाबा शेजारीच होते. आईने मोठ्या उत्साहाने विचारलं, मग शेवटी जिंकलं कोण?
साहित्य, मी म्हटलं.