धुतलेला निळा शर्ट

मंगळवार, ४ मार्च

दादाच्या रॉक बँडचं शूटिंग. पस्तीस वर्षं या सगळ्यांचे कपडे सांभाळतेय, पण असला हुकूम पहिल्यांदाच! डायरेक्टर म्हणे, "ताई, उद्याही हेच कपडे. धुवायचे नाहीत. दोन्ही दिवसांतलं चांगलं चांगलं जोडून एकच कार्यक्रम दाखवायचाय."

घामट कपडे परत घालायचे. शी!

आणि चोवीस मिनिटांच्या त्या गाण्यात दादाच चुकला. स्वतः बांधलेलं गाणं! मध्येच ऑर्गनवर हात अधांतरी, तोंड उघडं. ड्रमरने एकट्याने रेटलं, तेव्हा कुठे दादाला वाट सापडली.

डायरेक्टर: "सोडा हो, उद्याचा तुकडा लावू तिथे."

गाडीत दादाकडे बघवेना. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण मार खाल्लेल्या पोरासारखा बसला होता.

बुधवार, ५ मार्च

आज दादाने चोख वाजवलं! तर पोपटचा, म्हणजे गायकाचा, घसा बसला. आता गाणं कालचं, दादाचे हात आजचे. जमेल म्हणतात.

शुक्रवार, १४ मार्च

नाही जमत. मीच घाण केली.

पडद्यावर मंगळवारचा दादा गडद निळा, बुधवारचा फिका. शर्ट आटलाही, पोटावर बटणं ताणलेली. बुधवारी सकाळी सवयीने गरम पाण्यात टाकला, वाळवला, इस्त्रीसुद्धा केली. डोकं कुठे होतं माझं? ते लोक कॉम्प्युटरवर रंग जुळवायला गेले, तर दादाचा चेहरा हिरवा!

पोपट म्हणाला, "इतकी वर्षं डाग काढा म्हणून ओरडलो. एकदा नको म्हटलं, तर बघा!" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

शनिवार, १५ मार्च

गाणंच काढून टाकू म्हणतोय डायरेक्टर.

मंगळवार, १८ मार्च

ड्रमर अडून बसला. "ते गाणं नाही, तर मीही नाही." आता मंगळवारचंच लावणार, अख्खं, चुकीसकट. जग बघणार दादाचं ते उघडं तोंड. माझ्यामुळे! दादाला काय तोंड दाखवू?

बुधवार, १९ मार्च

माफी मागायला गेले. दादा म्हणाला, "शर्ट फिका पडलाय ते मला घालतानाच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस? खापर माझ्या डोक्यावर फुटलं!"

"बोललो असतो तर तू धावत जाऊन तसाच नवा आणला असतास. आणि त्यांनी बुधवारचा तुकडा लावून मला दुरुस्त केलं असतं गं. चुकलो, तर चुकलेलाच दिसू दे."