मान मी हलवली होती

मी, माणिकराव भगवानराव नारखेडे, वय ६७, राहणार धामणखेड, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मन खाते, पण वकीलसाहेब म्हणाले, त्याला दाखला लागत नाही.

१. राहते घर सामानसुमानासह पत्नी सौ. गीताबाई हिला. दारावरची पाटी बदलून तिच्या नावाची लावावी.

२. मलकापूरचे कृषी सेवा केंद्र मुलगी राखी हिला. चालवायचे की बंद करायचे, हे तिने ठरवावे. तिच्या लग्नात मंगलाष्टके चालू होती आणि मी मंडपामागे उभा राहून मोबाइलवर गिऱ्हाइकाला पिकावरच्या तुडतुड्यांचे औषध सांगत होतो. अक्षता हातातच राहिल्या. मला त्याची लाज वाटते.

३. गावोगावच्या भिंतींवर दुकानाच्या नावाखाली माझा नंबर आणि ‘केव्हाही फोन करा’ असे रंगवलेले आहे. त्या भिंतींना चुना मारून घ्यावा आणि नंबर बंद करावा. बीटी कपाशीवर बोंडअळी येत नाही, असे सांगून मी बियाण्याची पाकिटे विकली. अळी आली तेव्हा औषधेही मीच विकली. पाकिटे जास्त खपवली म्हणून कंपनीच्या ज्या माणसाने मला दुसरा मोबाइल बक्षीस दिला, तो मयतीला आलाच तर त्याला बसू द्यावे, पण भाषण करू देऊ नये.

४. स्टँडजवळचा वीस गुंठ्यांचा तुकडा गावातील मोतीराम तुकाराम वाकोडे यास. याचे कारण लिहिणे भाग आहे.

दुसरा मोबाइल आल्यापासून आमच्या घरात जेवण असे उरले नव्हते. एक माझ्या कानाला, दुसरा गीताबाईच्या हातात. एकदा तिने गिऱ्हाइकाला, “जेवून राह्यले, मंग करा,” असे सांगितले म्हणून मी भरले ताट सारून उठलो होतो. तेव्हापासून ती फोन घेऊन माझ्यासमोर उभी राहायची आणि मला विचारून उत्तर द्यायची.

२०१७ सालचा पोळा होऊन आठवडा झाला होता. मी जेवता जेवता ठोक व्यापाऱ्याशी बोलत होतो. दुसऱ्यावर मोतीराम होता. गीताबाईने विचारले, “मोतीराम इचारते, दोन्ही औषधं एकाच पंपात कालवू काय?” मी मान हलवली. तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा हलवली. ती काय विचारते आहे, हे मी ऐकलेच नव्हते. माझा होकार समजून तिने त्याला ‘हो’ सांगितले.

दिवस मावळायच्या आत मोतीराम ते मिश्रण फवारता फवारता विषबाधा होऊन वावरात पडला. अकरा दिवस दवाखान्यात होता. चौकशीला कृषी खात्याचे साहेब आले तेव्हा चारचौघांत मी म्हणालो, “फोन बाईनं उचलला. तिला काय कळते?” गीताबाई दारातच उभी होती. सहा वर्षे गावाने तिला दोष दिला, हळदीकुंकवाचे बोलावणे बंद झाले आणि मी गप्प राहिलो. चूक तिची नव्हती, माझी होती.

५. पुरवणी. वरील मजकूर मी काल गीताबाईला वाचून दाखवला. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मेल्यावर वाचतीन म्हून लिवलं काय? मोतीराम जित्ता हाये. मी बी जित्तीच हाव.”

म्हणून आज सकाळी मोतीरामच्या ओट्यावर बसून हे सगळे त्याला आणि त्याची बायको चांगुणा हिला वाचून दाखवले. मोतीराम म्हणाला, “मी गीताबाईच्या दारावून जातानी थुकत होतो, माणिकराव.”

साक्षीदार कोण, असे त्याने विचारले. शेजारी रहेमतुल्लाभाई आहेत, दुसरा बघतो आहे, असे मी सांगितले. मोतीरामलाच घ्यायचे मनात आले होते, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा आहे, हेही सांगितले.

“मंग मले तुकडा नोको,” तो म्हणाला. “साक्षीदारात माह्यं नाव लिवा. त्या बाईची चुकी नव्हती, यावर माही सही पाह्यजे.”

चांगुणा म्हणाली, “लिवा.”

सबब कलम ४ मधील तुकडा मोतीरामऐवजी गीताबाईला द्यावा. त्या कलमातील बाकीचा मजकूर जसाच्या तसा कायम राहील.

लिहून देणार: माणिकराव भगवानराव नारखेडे (सही)

माणिकरावांनी आमच्यादेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यादेखत केली:

१. रहेमतुल्ला शेख, शेजारी (सही)

२. मोतीराम तुकाराम वाकोडे (सही. फवारणीपासून हात कापतो. अंगठा चालेल असे सांगितले, पण ऐकले नाही. पूर्ण नाव लिहीपर्यंत आम्ही सगळे थांबलो.)

ठिकाण: वाकोडे यांचा ओटा, धामणखेड
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३